कुठल्या ओळीतली?

आमच्या प्रयोगशाळेत मरण मोजतात. दचकू नका, यीस्टचं मरण. पीठ फुगायला पावात घालतात ना, तेच यीस्ट. ते म्हातारं कसं होतं, कशाने लवकर होतं, कशाने उशिरा, आणि त्याच्या पोटातल्या कुठल्या जीनचा त्यात हात असतो, हे शोधायला एवढी मोठी इमारत, एवढी माणसं आणि सगळ्यांवर एक मॅडम. मी तिथली स्वयंपाकीण. कागदावर माझ्या पदाचं नाव भारदस्त आहे, पण मी करते काय, तर सकाळी मोठ्या भांड्यात पाणी, साखर, थिजवायला आगर नावाची पूड आणि यीस्टचा खाऊ शिजवते, वाफेत ठेवते आणि गरम आहे तोवर छोट्या गोल प्लेटांत ओतते. ते थिजलं की त्यावर यीस्ट जेवतं. सगळे मला काकू म्हणतात, अगदी मॅडमसुद्धा. परवा एका टक्कल पडलेल्या गृहस्थानेही काकू म्हटलं, तेव्हा मात्र मी त्याला चांगलं सुनावलं.

पण मला माझं नाही सांगायचंय, सुईवालीचं सांगायचंय.

सुईवाली म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी बाई. केस पांढरेफटक, एक खांदा कायमचा खाली झुकलेला, कारण वर्षानुवर्षं त्याच बाजूने सूक्ष्मदर्शकावर वाकून बसायचं. डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की नवीन आलेली पोरं तिला विचारायची, बरं नाही का वाटत? ती म्हणायची, ‘बरंय की. माझा चेहराच असा आहे.’ खोटं. मी तिला ओळखायला लागले तेव्हा तिचा चेहरा असा नव्हता. चांगली हसरी, टवटवीत बाई होती.

तिचं काम ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण. यीस्टची एक पेशी असते. तिच्या कडेला बारीकसा कोंब येतो, फुगत जातो, आणि दीडएक तासात त्याची दुसरी पेशी होते. पहिली आई, दुसरी लेक. मग सुईवालीने काचेच्या, केसाहून बारीक सुईने ती लेक आईपासून सोडवायची, प्लेटच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकायची आणि आईच्या नावावर एक रेघ ओढायची. आई तिथेच. पुन्हा कोंब, पुन्हा सोडवणं, पुन्हा रेघ. अशा वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थांबते आणि काही वेळाने मरते. किती लेकी झाल्या तेवढं तिचं वय. एका प्लेटवर अशा आयांच्या ओळीच्या ओळी. एका ओळीत साधं यीस्ट, दुसऱ्या ओळीत एखादा जीन काढून टाकलेलं, तिसऱ्या ओळीत तोच जीन दुप्पट घातलेलं. कुठली ओळ कशाची हे सुईवालीला सांगायचं नाही, नाहीतर माणसाचा जीव आहे, एखाद्या ओळीवर उगाच जडायचा. संध्याकाळी प्लेटा थंड कपाटात ठेवायच्या. थंडीत पेशी आहेत तशा थांबतात, ना वाढतात ना मरतात. त्याला आम्ही झोपवणं म्हणतो. ‘प्लेटा झोपवल्या का गं?’ हे आमचं घरी निघतानाचं वाक्य.

यातली खरी गोम वेगळीच आहे. आई तरुण असते तेव्हा ती मोठी आणि लेक लहान, आंधळ्यालाही कळेल. पण आई म्हातारी झाली की तिच्या लेकी जवळजवळ तिच्याएवढ्याच निपजतात. दोघी शेजारी शेजारी, कोण कुठली ओळखू येत नाही. नवखा माणूस हमखास आईलाच उचलून टाकतो आणि लेकीला आई समजून मोजत बसतो. मग ती म्हातारी मरता मरत नाही. सगळीकडे आनंदीआनंद, काय हा जीन, काय हे आयुष्य! आणि पुढे कधीतरी घोटाळा कळला की सगळे कपाळाला हात लावून बसतात. म्हणून सुईवाली प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी एकच वाक्य घोकायला लावायची: ‘आई ठेवायची, लेक काढायची.’

आता एवढ्या आया आणि लेकी रोज तोंडात असल्यावर बोलणंही तसंच होणार. ‘आज माझ्या चार म्हाताऱ्या गेल्या,’ असं ती चहा पिताना म्हणायची, आणि आम्ही म्हणायचो, ‘अरे वा, सुटलीस.’ एकदा बसमधून घरी जाताना तिने मॅडमना फोनवर मोठ्याने सांगितलं, ‘मॅडम, मधल्या ओळीतल्या म्हाताऱ्या काही मरत नाहीत हो, वैताग आलाय मला.’ शेजारची बाई जी उठली ती थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी त्या दिवशी हसून हसून बेजार झालो. असं हसताना मी तिला पाहिलं ते शेवटचंच म्हणा ना.

कारण तिच्या घरीही एक म्हातारी होती. तिची आई.

नव्वदीची बाई. डोकं अगदी ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत, पण पायांनी दगा दिलेला. पलंगावरून उठवायला, खुर्चीत बसवायला, न्हाणीघरात न्यायला, सगळ्याला माणूस लागायचं. दिवसा एक सांभाळणारी बाई यायची. संध्याकाळपासून सकाळपर्यंत सुईवाली एकटी. आमच्या यीस्टला थंड कपाटात ठेवलं की ते झोपतं. हिची म्हातारी रात्रीतून तीन-तीनदा उठायची. सुईवाली उठायची, उचलायची, न्यायची, आणायची, चादर बदलायची, आणि सकाळी येऊन त्याच हातांनी केसाहून बारीक सुई धरायची. कसं जमत होतं देव जाणे. मला नुसता चहाचा कप धरताना जांभया यायच्या.

तिचा थोरला भाऊ दूरच्या शहरात. त्याने गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आईसाठी जागा बघून ठेवली होती. तसा तो वाईट नाही हो, मला त्याचा राग यायचा ही गोष्ट वेगळी. तो फोन करायचा, ‘अगं, तू मरशील अशाने. काहीतरी ठरव.’ आणि ही म्हणायची, ‘ही प्लेट संपली की बघू.’ आता प्लेट संपते का कधी? एक संपते तोवर मी दुसऱ्या शिजवून तयार ठेवलेल्या असतात. मी तिला म्हटलं, ‘अगं बाई, तुझं हे प्लेट संपणं म्हणजे निव्वळ टाळाटाळ आहे.’ तर म्हणाली, ‘काकू, मला तिला पाठवायचं नाही, आणि मला हे होतही नाही. दोन्ही खरं आहे. मी काय करू?’ मी तिच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

तर गोष्ट ही एवढीच होती. म्हातारी घरात राहणार की जाणार, आणि त्याआधी लेक कोसळणार की नाही.

एका सुट्टीच्या दुपारी मी तिच्याकडे गेले होते. दोनच खोल्या. आतल्या खोलीत म्हातारीचा पलंग, पलंगाखाली भांडं, खिडकीत औषधांच्या बाटल्या, कोपऱ्यात जुन्या कपड्यांची गाठोडी, मोडकी छत्री, रिकामे डबे. म्हातारी काही म्हणजे काही टाकू द्यायची नाही. सुईवाली पलंगाच्या कडेला बसून तिची नखं कापत होती. म्हातारीने मला बघितलं आणि म्हणाली, ‘या. तुमचं ते पावातलं जनावर काय म्हणतंय? मेलं का?’

‘रोज मरतंय,’ मी म्हटलं. ‘तुमची लेक मोजतेय.’

‘मग कशाने जगतं ते जास्त, लागला का शोध? मला नका सांगू, मी काही करायची नाही ते.’

‘कमी जेवलं की जास्त जगतं,’ मी म्हटलं. ‘मी साखर कमी घातलेल्या प्लेटा करते ना, त्यावरच्या आया जास्त टिकतात.’

‘मग ही जगेल पुष्कळ,’ म्हातारी लेकीकडे बोट दाखवून म्हणाली. ‘धड जेवतेय कुठे!’

सुईवाली हसली. मग आपली आपणच बोलायला लागली. थकलेलं माणूस असं बोलतं, समोरच्यासाठी नाही, नुसतं जीभ सोडून दिल्यासारखं. ती म्हणाली, ‘आई, गंमत सांगू तुला? पेशी जगते तसा तिच्या पोटात कचरा साठत जातो. मोडलेलं, बिघडलेलं, नको असलेलं सगळं. आणि लेक होते ना, तेव्हा आई तो कचरा लेकीकडे जाऊ देत नाही. आपल्याच पोटात अडवून धरते. म्हणून आई कितीही दमलेली असली तरी लेक कोरी करकरीत निघते, वय शून्य. आम्ही ज्या जीनवर काम करतोय ना, तो नसला तर हे अडवणं जमत नाही. कचरा लेकीच्याही अंगात जातो.’

‘एवढीशी ती, आणि एवढी अक्कल?’ म्हातारी म्हणाली.

‘अक्कल कसली! आपोआप होतं.’

‘आणि किती दिवस धरून ठेवते ती कचरा?’

‘जमेल तेवढे. फारच म्हातारी झाली की मग तिलाही आवरत नाही. शेवटच्या शेवटच्या लेकी जन्मतःच म्हाताऱ्या निघतात. त्यांना पुरतं आयुष्यही मिळत नाही.’

म्हातारीने आपला हात लेकीच्या हातातून काढून घेतला, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ‘तूही माझं शेंडेफळ. चाळिशीत झालीस मला. म्हणूनच जन्मापासून दमलेली दिसतेस.’

आम्ही तिघी हसलो. म्हातारीने दुसरा हात पुढे केला आणि उरलेली नखं कापून घेतली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी चहा प्यायले, बसस्टॉपवर आले, आणि बस उशिरा आली म्हणून वाटेत सगळ्यांशी भांडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मी प्लेटा ओतत होते तेव्हा माझा फोन वाजला. सुईवाली सुईवर बसली की स्वतःचा फोन बंद करून खणात टाकायची. तो थरथरला की टेबल थरथरतं, टेबल थरथरलं की सुई हलते, आणि म्हाताऱ्यांची पांगापांग. म्हणून तिच्या घरी माझा नंबर दिलेला. फोनवर दिवसाची बाई होती, आणि हमसून हमसून रडत होती. ‘ताईंना सांगा,’ ती म्हणाली, ‘म्हातारी गेली.’ आणि फोन कट. मी लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद.

माझ्या हातात गरम भांडं होतं. ते कुठे ठेवलं मला आठवत नाही. मी सुईवालीच्या खोलीत गेले. खोली अंधारी, फक्त सूक्ष्मदर्शकाचा उजेड तिच्या तोंडावर. एक डोळा मिटलेला, एक भिंगाला लावलेला, हात सुई हलवायच्या दांडीवर. मी दारात उभी राहिले. कसं सांगायचं? ‘आई गेली’ म्हणावं, तर आई म्हणजे आमच्याकडे पेशी. मला काही सुचेना, आणि बाईचे जे शब्द कानात होते तेच तोंडातून बाहेर पडले.

‘अगं, म्हातारी गेली.’

तिने डोळा न उचलता विचारलं, ‘कुठल्या ओळीतली?’

‘ओळीतली नाही गं,’ मी म्हटलं. ‘घरातली.’

मग तिने आधी सुई हळूच खाली घेतली, आगरपासून सोडवली. दांडी जागेवर बसवली. प्लेटवर झाकण ठेवलं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. एवढं सगळं झाल्यावर उठून उभी राहिली, तसं तिचं स्टूल मागे आडवं झालं. मी धरलं तिला. आवाज ऐकून मॅडम धावत आल्या, मी त्यांना काय झालं ते सांगितलं. सुईवाली त्यांना म्हणाली, ‘मॅडम, प्लेटा झोपवा.’ मॅडम बिचाऱ्या रडायलाच लागल्या. ‘मी झोपवते गं, तू जा, तू आधी जा,’ असं म्हणत त्यांनीच गाडी बोलावली.

गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. रडणं नाही, काही नाही. मी तिचा हात धरून बसले होते. त्या हाताला सुईच्या दांडीचा घट्टा पडलेला आहे, तो मला लागत होता. मग ती म्हणाली, ‘काकू, तुम्ही सांगितलंत ना, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू?’

‘नको सांगूस.’

‘मला वाटलं, आता झोपता येईल.’

मी ड्रायव्हरला जरा लवकर चल म्हटलं.

‘आधी तेच वाटलं. आई गेली हे नंतर वाटलं. मी कसली बाई आहे हो?’

‘दमलेली बाई आहेस,’ मी जरा चिडूनच म्हटलं. ‘गप्प बस.’ मला तिच्यावर चिडायचं नव्हतं. मला त्या भावावर चिडायचं होतं, मॅडमवर, त्या न संपणाऱ्या प्लेटांवर. पण समोर तीच होती.

घर आलं. जिन्याच्या पायरीवर दिवसाची बाई बसलेली, नाक लाल, मांडीवर स्वतःची पिशवी. सुईवाली तिच्यासमोर उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘कुठे ठेवलंय?’

‘काय?’ बाईने विचारलं.

‘आईला.’

‘ठेवलंय म्हणजे?’ बाई आमच्या दोघींकडे बघायला लागली. ‘त्या गेल्या. म्हटलं ना मी फोनवर. त्यांनीच थोरल्या दादांना फोन करून आश्रमाची गाडी मागवली होती, सकाळी ती आली, त्यात बसून गेल्या. मी म्हटलं, ताईंना विचारा तरी. तर माझ्यावरच खेकसल्या. म्हणाल्या, ती सुईवर बसल्याशिवाय फोन करायचा नाही. मला म्हणाल्या, तू आता दुसरं घर बघ. एवढी वर्षं केलं हो मी त्यांचं!’ आणि ती पुन्हा रडायला लागली.

‘अगं भवाने!’ मी ओरडले. अख्ख्या जिन्यात आवाज घुमला. ‘गेली म्हणजे गेली? अशी गेली? मग तसं नीट सांगायला काय झालं होतं तुला? फोनची बॅटरीही नेमकी तेव्हाच संपायची होती का? आमचा तिथे जीव गेला!’

‘गेल्याच ना पण,’ ती मुसमुसत म्हणाली.

सुईवालीने मला बाजूला केलं आणि दार उघडून आत गेली. मी मागोमाग. आतली खोली बघून मी दारातच थांबले. पलंगावर गादी उघडी, चादर धुवायला टाकलेली. पलंगाखालचं भांडं नाही. खिडकीतल्या बाटल्या नाहीत. कोपऱ्यातली गाठोडी, छत्री, डबे, काही नाही. फरशी पुसून लख्ख. म्हातारीने बाईला कामाला लावून एकूण एक वस्तू गाडीत भरून नेली होती. फाटके मोजेसुद्धा नेले होते. ज्या बाईने आयुष्यात कधी एक रिकामा डबा टाकू दिला नाही, ती सगळा पसारा उचलून बरोबर घेऊन गेली होती.

सुईवाली त्या कोऱ्या खोलीच्या मधोमध उभी. ‘काकू,’ ती म्हणाली, ‘मी सांगितलं होतं तिला. कचऱ्याचं. मीच सांगितलं होतं.’ आणि मग ती रडली. चांगली मोठ्याने, लहान पोरासारखी. मी तिला रडू दिलं.

आश्रम गावाबाहेर, एका मजल्याची लांबलचक इमारत. व्हरांडा, व्हरांड्याला ओळीने दारं, प्रत्येक दाराशी एक खुर्ची. म्हातारीची खोली टोकाची. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, अंगावर शाल, शेजारी ती सगळी गाठोडी भिंतीला लावून रचलेली. आम्हाला बघून म्हणाली, ‘आलीस? मला वाटलं, प्लेट संपल्यावर येशील.’

‘आई, मला वाटलं तू गेलीस.’

‘गेलेच की.’

‘तशी नाही. मेलीस असं वाटलं मला.’

म्हातारीने तिच्याकडे टक लावून बघितलं. ‘मग? बरं वाटलं का?’

आता ही काय बोलते? पण सुईवालीला खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. ती म्हणाली, ‘हो. थोडं.’

‘वाटणारच,’ म्हातारी म्हणाली. ‘मला माझ्या आईच्या वेळी वाटलं होतं. रडता रडता झोपले मी तेव्हा. कोणाला सांगितलं नाही, तुलाच सांगतेय आज.’

‘घरी चल, आई.’

‘नाही येत.’

‘माझं काही चुकलं का?’

‘तुझं कसलं चुकतंय! तू मला उचलतेस ना, तेव्हा तुझी पाठ कटकट वाजते, ती मला ऐकू येते. तू उठू नयेस म्हणून मी धरून ठेवते, आणि मग व्हायचं ते होतं, चादर बदलायला तुला उठावंच लागतं. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही गं मला. बघून बघून मीच दमले.’ तिने शाल सारखी केली. ‘तूच म्हणालीस ना, फार म्हातारी झाली की आवरत नाही तिला. मला अजून आवरतंय. तू रोज ये, ऊठसूट ये, नखं काप, काय हवं ते कर. पण उचलायचं काम या इथल्या दांडग्या पोरींना करू दे. त्यांच्या पाठी शाबूत आहेत अजून.’

सुईवाली उभीच राहिली. उभ्या उभ्या डुलायला लागली.

‘बस जरा,’ म्हातारी म्हणाली. ‘नाही तर असं कर, पड त्या पलंगावर. चांगला पलंग आहे. मी अजून टेकलेसुद्धा नाहीये त्यावर.’

‘नको. मी बसते.’

‘पड म्हटलं ना.’

ती पडली. चप्पलही काढली नाही, मी काढली. डोकं टेकलं न टेकलं तोच तिला गाढ झोप लागली, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळलेला. म्हातारीने मला खूण केली, तसा मी तो हात उचलून आत ठेवला. मग म्हातारीने स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि मला म्हणाली, ‘घाला तिच्यावर. मला उकडतंय.’ उकडत वगैरे काही नव्हतं. मी घातली.

आम्ही दोघी तशाच बसलो. उन्हं कलली. व्हरांड्यातून कोणाचातरी रेडिओ ऐकू येत होता. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं आणि दोन्ही वेळा उठले नाही. ओळीतल्या एकेका दारावर टकटक करत आश्रमातली एक मुलगी येत होती, पाहुण्यांना बाहेर काढायला. ती आमच्या दाराशी आली. नवी असावी. तिने आत बघितलं. पलंगावर शाल पांघरून झोपलेली, पांढऱ्या केसांची, खोल गेलेल्या डोळ्यांची एक बाई, आणि खुर्चीत ताठ बसलेली, पांढऱ्या केसांची दुसरी. तिने क्षणभर विचार केला आणि खुर्चीतल्या बाईच्या खांद्याला हात लावला.

‘चला आजी,’ ती म्हणाली, ‘भेटायची वेळ संपली. त्यांना झोपू दे आता.’

‘हळू बोल गं,’ म्हातारी कुजबुजली. ‘आई मी आहे. ती लेक आहे माझी. पण झोपू दे तिला.’